ताकदीची गोळी

सोन्या यंदा नववीत आहे. हे त्याचं खरं नाव नाही. आमच्याकडं लाडानं कुणालाही सोन्या म्हणतात, तसंच त्यालाही. लिहायच्या आधी मी त्याला विचारलं होतं. त्यानं दोन दिवस घेतले आणि म्हणाला, "लिही मामी, पण गावाचं नाव नको. आणि मी वाचल्याशिवाय कुणाला दाखवू नको." त्यानं वाचलंय. दोन जागा त्यानं खोडल्या. त्या मी पुन्हा लिहिल्या नाहीत.

मी त्याची मामी. माझ्या थोरल्या नणंदेचा, आक्काचा, हा एकुलता एक मुलगा. आमचा भाग माणदेशाचा. पाऊस नाही, त्यामुळं कितीतरी घरांतली तरणी पोरं गलाईला जातात. सोनं-चांदी गाळायचा धंदा. देशात कुठंही जा, सराफ पेठेत आमच्याकडचं एखादं दुकान सापडतं. आक्काचे मालक, म्हणजे तिचे नवरे, आमचे भाऊजी, तामिळनाडूत होते. सोन्या तिथंच जन्मला, २०११ साली, एका लहानशा खासगी दवाखान्यात. गरोदरपणात आक्काची एचआयव्हीची तपासणी कुणी केलीच नाही. आईला वेळेत औषध सुरू झालं आणि बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरॅपिनचं सिरप मिळालं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्याही खाली येते. काहीच केलं नाही तर ती पंधरा ते पंचेचाळीस टक्के असते. हे मला सहा वर्षांनी कळलं. ज्यांच्या घरात कुणी गरोदर आहे त्यांनी सरकारी दवाखान्यात ही तपासणी करून घ्याच, ती फुकट होते. आक्काची झाली असती तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

२०१५ मध्ये आक्काचे मालक गेले. टीबी झाला म्हणून सांगितलं. आक्का पोराला घेऊन आधी सासरी आली आणि वर्षभरात आमच्याकडं. २०१७ च्या पावसाळ्यात तिला ताप धरला तो उतरेचना. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, आणि टीबी निघाला म्हणून एचआयव्हीची तपासणी झाली. दोन्ही औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. दिवाळीच्या आधी आक्का गेली. शेवटच्या आठवड्यात तिला बोलायला त्रास व्हायचा. तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि पोराकडं बघत होती. मी "व्हय, व्हय" म्हणत राहिले. कशाला व्हय म्हणतेय हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

सोन्याची तपासणी आक्का असतानाच झाली होती. अठरा महिन्यांच्या पुढच्या मुलाची तपासणी मोठ्या माणसासारखीच असते. रक्त घेतात, एक चाचणी लागण दाखवत असेल तर वेगवेगळ्या किटवर आणखी दोन करतात, आणि मग सांगतात. समुपदेशक मॅडमनी ह्यांना आणि मला आत घेतलं, दार लावलं आणि सांगितलं. ह्यांनी एकच विचारलं, "वाचंल का?" मॅडम म्हणाल्या, "औषध घेतलं तर शाळा शिकेल, नोकरी करेल, लग्नसुद्धा करेल." माझा विश्वास बसला नाही. आक्का समोर खाटेवर होती.

त्याच वर्षी, २०१७ मध्ये, सरकारनं नियम बदलला होता. आधी पांढऱ्या पेशी अमुक इतक्या कमी झाल्या की औषध सुरू करायचं, असं होतं. आता लागण कळली की लगेच सुरू. सोन्याच्या या पेशी, सीडी४ म्हणतात त्यांना, २१२ होत्या. सहा वर्षांच्या मुलाला हे फार कमी. वजन चौदा किलो. रक्त इतकं कमी की झिडोव्हुडीन देता येणार नव्हतं, म्हणून अबाकाविर आणि लॅमिव्हुडीन, जोडीला रात्री एफाविरेन्झ. शिवाय दुसरं काही होऊ नये म्हणून कोट्रायमोक्साझोल. छातीचा फोटो काढून टीबी नाही याची खात्री केली. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, म्हणून दर महिन्याला काट्यावर उभं करायचे. त्याला एक हिरवं पुस्तक मिळालं. त्यात वजन, पुढची तारीख, किती गोळ्या दिल्या आणि किती उरल्या, सगळं. ते पुस्तक मी गव्हाच्या डब्यात ठेवायची, कुणी बघू नये म्हणून.

माझ्या हातून जे झालं तेही सांगते. पहिला महिनाभर मी त्याचं ताट आणि तांब्या वेगळा ठेवला होता. मॅडमनी सगळं समजावलं होतं. जेवणातून, पाण्यातून, एका अंथरुणात झोपून, पापा घेऊन, डास चावून हा विषाणू जात नाही. मला पाठ होतं. तरी मी ताट वेगळं घासत होते, माझी मुलगी लहान आहे म्हणून. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, हे बघत होत्या. त्यांना लिहाय-वाचाय येत नाही. एका संध्याकाळी सोन्यानं अर्धी भाकरी आणि कालवण टाकलं, तापामुळं त्याला जात नव्हतं. आत्याबाईंनी ते ताट ओढून घेतलं आणि त्याच्याच उष्ट्या ताटात बसून सगळं खाल्लं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. लेक जाऊन तीन आठवडे झाले होते त्यांना. ते ताट मी दुसऱ्या दिवशी बाकीच्या ताटांत मिसळलं.

भावकीतल्या काहींनी सुचवलं, पंढरपूरला 'पालवी' आहे, तिथं अशी मुलं सांभाळतात, तिथं ठेवा. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्यांना कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी अशी घरं लागतातच, फार मोठं काम आहे ते. पण याला आजी आहे, मामा आहे, तुम्ही आहात. तुम्हाला काय कमी पडतंय ते सांगा, आपण ते उभं करू." कमी काय पडत होतं? एक म्हणजे पैसा, आणि दुसरं, ज्याच्याजवळ बोलता येईल असं माणूस.

माणूस आधी मिळालं. एचआयव्ही असलेल्यांसाठीच्या 'विहान' कार्यक्रमाच्या काळजी व आधार केंद्रातून एक ताई घरी यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा शेजारणीला म्हणाल्या, बचत गटाचं काम आहे. चहा घेतला आणि पर्समधून स्वतःची गोळी काढून माझ्यासमोर घेतली. "अकरा वर्षं झाली मला," म्हणाल्या. आक्काचं वाळलेलं तोंड सोडून या आजाराचं दुसरं तोंड मी तोवर बघितलंच नव्हतं. ताईंचं तोंड गोल, कुंकू मोठं, स्कूटीवरून फिरत होत्या. मॅडमनी सांगितलं त्यावर माझा विश्वास त्या दिवशी बसला.

पैशासाठी बालसंगोपन योजना. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई-वडील नसलेल्या, किंवा आजारपणामुळं आई-वडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना घरातच, नातेवाइकांकडं वाढवण्यासाठी अठराव्या वर्षापर्यंत महिन्याला मदत मिळते. आम्ही अर्ज केला तेव्हा ती ४२५ रुपये होती, २०२१ मध्ये ११०० झाली, २०२३ मध्ये २२५०. कागद लागतात ते असे: मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, मुलाचा आणि सांभाळणाऱ्याचा फोटो, आणि आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले.

आक्काचा दाखला लगेच मिळाला. भाऊजींचा तामिळनाडूत. त्यांच्या भावांना विचारलं तर ते "बघू, बघू" म्हणत राहिले. जमिनीचा प्रश्न होता, ते मला नंतर कळलं. शेवटी ह्यांनी गलाईतल्याच एकाला गाठलं. आमच्या गावची माणसं त्या गावात वीस-पंचवीस वर्षं आहेत, त्यांना तिथली भाषा येते, नगरपालिका माहीत. त्यांनी चार हेलपाटे घालून मृत्यूचा आणि सोन्याचा जन्माचा असे दोन्ही दाखले काढले आणि गावच्या जत्रेला आले तेव्हा घेऊन आले. तमिळ आणि इंग्रजीतला तो कागद हातात घेऊन आत्याबाई कितीतरी वेळ बसल्या होत्या. आम्ही त्याचं मराठी भाषांतर जोडलं. या सगळ्यात सात महिने गेले.

आणि इथंच माझी मोठी चूक झाली. अर्जासोबत लागेल म्हणून मी सोन्याचा तपासणीचा कागदसुद्धा तालुक्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात दिला. माझ्यामागं रांग होती. दुकानातल्या पोरानं कागद काचेवर ठेवायच्या आधी वाचला, मग माझ्याकडं बघितलं. तो आमच्या शेजारच्या गावचा. आठ दिवसांत शाळेत पोचलं. नंतर ताईंनी सांगितलं की आई-वडील दोघंही नाहीत म्हटल्यावर मृत्यूचे दाखले पुरेसे होते, मुलाचा रिपोर्ट जोडायची गरजच नव्हती. आणि कधी लागलाच तर बंद पाकिटात, संबंधित अधिकाऱ्याच्याच हातात द्यायचा. तुमच्यापैकी कुणाला असा अर्ज करायचा असेल तर हे एवढं वाक्य लक्षात ठेवा. झेरॉक्स दवाखान्यातल्या समुपदेशकाकडून किंवा केंद्रातून काढून घ्या.

बालकल्याण समितीपुढं सोन्याला घेऊन जायचं होतं. मला वाटलं कोर्टासारखं काही असेल. टेबलापलीकडं चार-पाच जण बसले होते. त्यातल्या एका बाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुला कुठं राहायचंय?" तो म्हणाला, "आजीपाशी." "आणि मामी रागवते का?" "रागवती. भाकरी टाकली की." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. त्याआधी एक सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन गेली होती, तिनं चूल, झोपायची जागा, त्याचं दप्तर, सगळं बघितलं होतं. आदेश निघाला, खातं उघडलं. पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, कधी बऱ्याच महिन्यांचे एकदम जमा होतात. त्यामुळं त्यावर घर चालवायचं नाही असं मी ठरवलं. त्यातून त्याची अंडी, शेंगदाणे, वह्या आणि एसटीचं भाडं. एचआयव्ही असलेल्यांना साध्या एसटीत प्रवासाची सवलत आहे, पण ती आम्ही कधी घेतली नाही. कंडक्टर आमच्याच बाजूचे असतात, कार्ड दाखवायचं धाडस झालं नाही.

जमिनीचं थोडक्यात सांगते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो. त्यांच्या एका पत्रावर भाऊजींचे भाऊ नरमले. दीड एकराच्या सातबाऱ्यावर सोन्याची वारसनोंद झाली. नावापुढं अ. पा. क., म्हणजे अज्ञान मुलाचा पालक, म्हणून मामाचं नाव लागलं. तो अठराचा झाला की ते निघेल.

शाळेचं इतक्या थोडक्यात होणार नाही. सोन्या तिसरीत होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "मामी, मला उद्यापासून घरनं ताट न्यायचंय. गुरुजी म्हणाले खिचडी तुला तिकडं, पायरीवर." आणि बाकावर एकटाच. मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "पोरं म्हणतात मला एड्या झालाय." त्याला वाटलं एडा, म्हणजे वेडा. मी रात्रभर जागी होते. त्याला शाळेतून काढावं, दुसऱ्या गावात घालावं असंच ह्यांचं मत होतं. ताई म्हणाल्या, "तिथंही एक झेरॉक्सचं दुकान असंल."

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. शाळेत प्रवेश नाकारणं, वेगळं बसवणं, संमतीशिवाय कुणाची लागण उघड करणं, हे सगळं त्यात बेकायदा आहे. मुलाचे आई-वडील वारले म्हणून त्याची मालमत्ता कुणी लाटू नये, हेही त्यात आहे. ताईंनी कायद्याची मराठी प्रत आणली होती, पण शाळेत गेल्यावर ती पिशवीतच ठेवली. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सोबत घेतलं, आशाताईंना घेतलं. पालकांची सभा बोलावली ती "मुलांच्या आरोग्याबद्दल" म्हणून. जंत, रक्त कमी असणं, टीबी, आणि त्यात एचआयव्ही. सोन्याचं नाव कुणीच घेतलं नाही. एक बाई उठून म्हणाल्या, "खेळताना पडलं, रगात आलं तर?" डॉक्टर म्हणाले, "कुणाचंही रक्त असो, हातात मोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालायची, जखम धुवायची, पट्टी बांधायची. हे सगळ्याच मुलांसाठी शाळेनं करायचं असतं, कारण कुणाला काय आहे हे आपल्याला कधीच माहीत नसतं." सभा संपल्यावर ताई गुरुजींना बाजूला घेऊन बोलल्या. पिशवीतली प्रत तेव्हा निघाली असणार, कारण दुसऱ्या दिवशी सोन्या ओळीत बसून खिचडी खाऊन आला. दोन पालकांनी तरी मुलं काढलीच. एक जण पुढच्या वर्षी परत घालायला आला. चिडवणं मात्र बरेच दिवस चालू होतं.

आणि मी सोन्याला काय सांगितलं? सांगितलं की पोरं येडी आहेत, तुला काही झालेलं नाही, तुला फक्त ताकद कमी आहे म्हणून ताकदीची गोळी घ्यावी लागते. पहिल्या दिवसापासून आमच्या घरात ती ताकदीची गोळी होती. रात्री नऊला आत्याबाई हाक मारायच्या, "सोन्या, ताकद घे." एफाविरेन्झनं त्याला सुरुवातीला वाईट स्वप्नं पडायची, गरगरायचं, तरी घ्यायचा. वजन वाढत गेलं. टाळेबंदीत एसटी बंद झाल्या तेव्हा ताई स्कूटीवरून तीन महिन्यांच्या गोळ्या तालुक्यापर्यंत आणून द्यायच्या आणि हे मोटरसायकलवर जाऊन घेऊन यायचे. एकही दिवस चुकला नाही. पुढं औषध बदललं, डोल्युटेग्राविर आलं, स्वप्नं थांबली. वर्षाला व्हायरल लोडची तपासणी व्हायची, रक्तात विषाणू किती आहे ते बघायची. दरवेळी "आढळला नाही" यायचं.

२०२२ मध्ये आलं ४१ हजार.

मॅडमनी गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर. डबीत उरायला हव्या तेवढ्याच होत्या. मी शपथा घेतल्या की मी स्वतः त्याच्या हातावर ठेवते. "हातावर ठेवता की तोंडात जाताना बघता?" मॅडमनी विचारलं. अकरा वर्षांचा झाला होता, मी बघणं सोडलं होतं. त्यांनी मला बाहेर पाठवलं आणि त्याच्याशी एकटीनं बोलल्या. अर्ध्या तासानं मला आत घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "मामीला तूच सांग."

आमच्या शेळीला उन्हाळ्यात दोन करडं झाली होती. एक अगदीच अशक्त, उभं राहीना. सोन्यानं ते पोटाशी घेऊन वाढवायचं ठरवलं. रात्री गोळी घेऊन तो गोठ्यात जायचा, भाकरीच्या तुकड्यात घालून ती करडाला चारायचा. "त्याला ताकद न्हवती, मला होती की," तो म्हणाला. वीस-बावीस दिवसांनी करडू मेलंच. मग त्यानं ठरवलं की या गोळीत ताकद नाही, हे लोक आपल्याला उगाच घ्यायला लावतात. त्यानंतरच्या गोळ्या गोठ्यामागच्या उकिरड्यात गेल्या. चार महिने.

मला त्याचा राग आला नाही. पाच वर्षं आम्ही त्याला जे सांगत होतो, त्याच्या हिशेबानं तो अगदी बरोबर वागला होता.

मॅडम म्हणाल्या, आता खरं सांगायचं. खरं तर याआधीच सांगायला हवं होतं, सहा-सात वर्षांपासून थोडं थोडं, आणि दहा-बारापर्यंत नावानिशी पूर्ण. त्यांनी मागं दोनदा विषय काढला होता आणि मी दोन्ही वेळा टाळला होता. मला भीती होती की तो बाहेर बोलेल. त्याहून मोठी भीती, तो आक्काबद्दल विचारेल. मॅडमनी घाई केली नाही. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही चार वेळा गेलो. गोळी समोर बघून द्यायची ते तर त्याच रात्री सुरू झालं.

पहिल्या वेळी त्यांनी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं. "तू इथं कशासाठी येतोस?" तो गप्प. "बाहेर पाटीवर काय लिहिलंय वाचलंस?" "वाचलंय. एआरटी केंद्र. आणि भिंतीवर एड्सचं चित्र हाय." एआरटी केंद्र म्हणजे जिथं एचआयव्हीची औषधं मिळतात ते. "मग तुला काय वाटतं?" तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ते आईला होतं. मला नुसती ताकद कमी हाय." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आठवीनववीच्या पोरांनी शाळेत काहीबाही म्हटलेलं, भिंतीवरचं चित्र, आमची कुजबूज, सगळं जोडून त्यानं स्वतःच तयार केलं होतं, आणि दोन-तीन वर्षं एकट्यानं जवळ ठेवलं होतं. आम्ही बोलत नाही म्हणजे बोलायचं नसतं, हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या वेळी मॅडमनी रक्तातल्या पेशींचं सांगितलं. सैनिक म्हणाल्या. घरी आल्यावर मी ते आमच्या भाषेत सांगितलं. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर आजोबा राखणीला बसायचे, तसे अंगात राखणदार असतात. पाखरं आली की ते हाकलतात. तुझ्या अंगात एक असा विषाणू आहे जो पाखरांना नाही, राखणदारांनाच खातो. रोजची गोळी त्याला झोपवून ठेवते. एक दिवस नाही घेतली की तो डोळे उघडतो. त्यानं विचारलं, "करडाला पण झाला असंल का, माझी गोळी खाऊन?" मी म्हटलं, "नाही रे, हा माणसातच राहतो. आणि गोळीतून होत नाही, गोळीनं झोपतो." तो बराच वेळ गोठ्याकडं बघत होता. ती रात्र त्याला करडासाठीच लागली असावी.

तिसऱ्या वेळी नाव. मॅडमनी तो शब्द सरळ उच्चारला, कुजबुजत नाही, कावीळ म्हणावं तसा. एचआयव्ही म्हणजे हा विषाणू, एड्स म्हणजे औषध न घेता राखणदार संपले की येणारी अवस्था. तुला एचआयव्ही आहे, एड्स नाही. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता. "मग तिसरीत मला पायरीवर बसवलं तवा तू का म्हणलीस मला काय झालं न्हाई?" मी म्हटलं, "मी घाबरले होते." दुसरं काही सुचलं नाही. तो म्हणाला, "मला वाटलं मी खोटं बोलतोय पोरांना." त्यानंतर मला तिथं बसवेना. पण मॅडमनी मला उठू दिलं नाही.

आक्काचा प्रश्न चौथ्या वेळी आला. "आईनं मला दिला का हा?" मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की हे उत्तर घरच्या माणसानंच द्यायचं. मी म्हटलं, "दिला नाही, आला. तिलाच माहीत नव्हतं की तिच्या अंगात आहे. माहीत असतं तर तिनं तुला वाचवायला काय केलं नसतं?" मग मी त्याला दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं, हात धरला होता ते. हे सगळं मी त्याला पाच वर्षांत सांगितलं नव्हतं. आईचा विषय निघाला की मी भाकरी थापायला उठायची. त्या दिवशी एसटीत तो खिडकीशी बसला आणि घर येईपर्यंत आईबद्दलच विचारत होता. तिला काय आवडायचं, ती गाणं म्हणायची का, तामिळ यायचं का तिला. आजाराबद्दल एकही प्रश्न नाही. तामिळ तिला यायचं, थोडं थोडं.

कुणाला सांगायचं हे तू ठरवायचं, असं मॅडमनी त्याला सांगितलं होतं. त्यानं माझ्या मुलीला निवडलं. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. दोघं गच्चीवर बसली होती. ती खाली आली आणि माझ्यावर भडकली, "एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस? मी त्याच्याशी भांडताना काय काय बोललेय!" नंतर रात्रीच्या गोळीवर लक्ष ठेवायचं काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं. आत्याबाई अजून "ताकद घे" म्हणतात. त्यांना तो म्हणतो, "व्हय आजे, घेतो." त्यांच्यापुरतं त्यानं ते तसंच ठेवलंय.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा ४१ हजारांचे १८० झाले होते. त्यानंतर पुन्हा "आढळला नाही", आणि आजवर तेच. रक्तात विषाणू सापडत नसेल आणि औषध चालू असेल, तर पुढं जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही मॅडमनी त्याला सांगून ठेवलंय. ते त्यानं मला सांगितलं नाही. हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं मी वाचलं. हे वाक्य तो खोडेल असं मला वाटलं होतं.

ते पुस्तक आता गव्हाच्या डब्यात नसतं, त्याच्या दप्तरात असतं. गेल्या महिन्यात केंद्रात गेलो तेव्हा मॅडमनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं, मी उठले तर म्हणाल्या, "तुम्ही बसा." मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक आजी होत्या, मांडीवर नातू, तीन-चार वर्षांचा. कागद उलटे धरले होते त्यांनी. मी ते सरळ करून दिले आणि कुठून आलात विचारलं. सोन्या बाहेर आला, औषधं पिशवीत टाकली आणि म्हणाला, "पुढची तारीख शुक्रवारची देत होते. मी शनिवार मागून घेतला. शुक्रवारी गणिताचा पेपर आहे."